क म्हणजे उभी रेघ

पडद्यावर पुस्तकांची नावं यायला हवी होती, तिथे मोडक्या चौकटी उमटल्या. उभ्या रेघा, आडव्या रेघा, मधेच एखादा कोपरा, मधेच भरीव ठोकळा. कुणी तक्ता आखायला घेऊन अर्ध्यात कागद फाडावा आणि ते तुकडे ओळीने मांडून ठेवावेत, तसं. डावीकडचे दाखल क्रमांक मात्र नीट होते, एकाखाली एक, १ ते १८. तळाच्या ओळीत कर्सर लुकलुकत होता. बाबांनी १९९४ साली लिहिलेला प्रोग्रॅम माझ्या २०२१ सालच्या लॅपटॉपवर न अडखळता चालत होता. फक्त त्याला मराठी येत नव्हतं.

हे सुरू झालं पुरामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढली आणि सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पाणी शिरलं. वरच्या फळ्यांवरची पुस्तकं वाचली. खालची फुगून एकमेकांत अशी अडकली की फळी तोडल्याशिवाय निघेनात. दाखल नोंदवह्या टेबलाच्या खणात होत्या, त्यांची शाई उतरली आणि पानांचा लगदा झाला. म्हणजे काय काय गेलं हे सांगणारा कागदच गेला. मंडळींनी जुन्या वाचकांच्या आठवणीतून यादी करायला घेतली. तेव्हा कुणीतरी म्हणालं, अहो, पूर्वी हे सगळं कॉम्प्युटरवर होतं ना?

होतं. बाबा नोकरीवरून परतले की चहा घेऊन वाचनालयात जायचे आणि तिथल्या ३८६ चिपच्या यंत्रासमोर बसायचे. ते यंत्र एका गावकऱ्याने देणगी दिलेलं. नोंदी सांभाळणारे प्रोग्रॅम ज्यात लिहायचे ती फॉक्सप्रो ही भाषा बाबा पुस्तकावरून शिकले. त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव ‘ग्रंथाल’, कारण डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीत फायलीच्या नावाला रोमन लिपीतली आठच अक्षरं मिळायची आणि ‘ग्रंथालय’ त्यात बसत नव्हतं. देवघेव, वर्गणी, अनामत, दंड, वार्षिक अहवालाचे आकडे, सगळं त्यात होतं. पुढे वाचनालयाने नवं यंत्र आणि नवा प्रोग्रॅम घेतला, जुना डबा भंगारात गेला. पण बाबांनी सहा फ्लॉप्या घरी आणून ठेवल्या होत्या. आईने त्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्यांसकट, आमच्या बारशाच्या फोटोंशेजारी कपाटात ठेवल्या. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह जोडून वाचायला घेतल्या तेव्हा सहापैकी पाच फ्लॉप्या अखेरपर्यंत वाचल्या गेल्या.

आता त्या चालवायच्या कशावर? ऑफिसच्या विंडोज यंत्रावर तो प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ६४-बिटी विंडोजमधून १६-बिटी डॉस प्रोग्रॅमांचा आधार गेला तो प्रोसेसरच्या रचनेमुळे. इंटेलचा ८०८६ हा चिप १९७८ चा. त्याचे ३८६ सारखे वंशज पुढे कितीतरी वर्षं, गरज पडली की आपल्या त्या पूर्वजासारखं वागू शकायचे. पण ते ६४-बिटी अवस्थेत गेले की ती सोय बंद होते. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचा तर वंशच वेगळा. त्यातला चिप एआरएम घराण्यातला, ॲपलने बनवलेला. इंटेलचा एकही शब्द त्याला जन्मतः कळत नाही.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आहे. तरी परकं यंत्र आपल्या यंत्रात कसं उभं करतात हे मी कधी खाली उतरून पाहिलं नव्हतं. गरज पडली नव्हती. गरज पडल्यावर जे दिसलं त्याने मी काही आठवडे भारून गेले होते, आणि तेच मला नीट सांगायचं आहे.

दरबारात परका वकील आला की मधे दुभाषा उभा राहायचा. वकील एक वाक्य बोलणार, दुभाषा ते फिरवून सांगणार, मग पुढचं वाक्य. एम्युलेटर, म्हणजे परक्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, लिहिण्याचा सगळ्यात सरळ मार्ग हाच. जुन्या प्रोसेसरची एक आज्ञा उचलायची, ती काय म्हणते ते पाहायचं, तेवढं करायचं, पुढची उचलायची. प्रोसेसरमधली छोटी छोटी खणं, म्हणजे रजिस्टर, हे आता तुमच्या प्रोग्रॅममधले साधे आकडे असतात. ६४० किलोबाइटची स्मृती म्हणजे एक लांबलचक यादी. प्रोग्रॅमला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं आपण ३८६ वरच आहोत, कारण त्याने जे जे विचारलं त्याचं उत्तर ३८६ ने दिलं असतं तेच मिळतं.

मार्ग सरळ, पण संथ. त्याच शंभर ओळी हजार वेळा फिरल्या तर दुभाषा हजार वेळा तेच भाषांतर करत बसतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ साली क्यूईएमयू हा एम्युलेटर जगापुढे ठेवला. तिथे आज्ञा एकेक घेत नाहीत, गटाने घेतात. पुढे कुठेतरी उडी येते, ‘असं असेल तर तिकडे जा’ अशी आज्ञा येते, तिथपर्यंतचा तुकडा एकदम उचलायचा, आपल्या प्रोसेसरच्या भाषेत लिहून काढायचा आणि जपून ठेवायचा. पुन्हा तोच तुकडा आला की लिहिलेलं वाचायचं. इंटेलचे प्रोग्रॅम एआरएमवर चालवणाऱ्या ॲपलच्या २०२० च्या रोझेटाने याच्याही पुढे पाऊल टाकलं: जमेल तितकं भाषांतर प्रोग्रॅम पहिल्यांदा चालायच्या आधीच करून डिस्कवर ठेवायचं.

खरी कसोटी मात्र वेगाची नाही, प्रामाणिकपणाची आहे. इंटेलचा प्रोसेसर दोन आकड्यांची बेरीज करतो तेव्हा उत्तरासोबत कडेला काही खुणाही करून ठेवतो. उत्तर शून्य आलं का, हातचा राहिला का, ऋण आहे का. उत्तराच्या शेवटच्या आठ बिटांत १ ची संख्या सम आहे की विषम, ही सुद्धा एक खूण. ही शेवटची खूण आजकाल क्वचितच कुणी विचारतं. पण एखादा जुना प्रोग्रॅम विचारू शकतो, म्हणून एम्युलेटरला ती माहीत असावी लागते. मग चांगले एम्युलेटर काय करतात, तर बेरजेचे आकडे लक्षात ठेवतात आणि कुणी विचारेपर्यंत खुणांचा हिशोब करतच नाहीत. ही युक्ती मला कळली तेव्हा मी हातातलं काम सोडून गॅलरीत जाऊन उभी राहिले. केवढा आदर आहे त्यात, कुणाचा तरी न विचारलेला प्रश्न सांभाळून ठेवण्याचा!

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. एका यंत्रात दोन प्रोसेसर शेजारी शेजारी काम करत असतील आणि एकाने आधी एक आकडा लिहिला, मग दुसरा लिहिला, तर शेजाऱ्याला ते त्याच क्रमाने दिसतील याची हमी इंटेलच्या घराण्यात असते. एआरएमच्या घराण्यात नसते. तिथे क्रम हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो. इंटेलसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांनी तो कधी मागितला नाही, कारण तो फुकटच मिळत होता. ॲपलने आपल्या एम१ चिपमध्ये इंटेलचा क्रम पाळायची एक अवस्थाच घालून ठेवली. भाषांतर नीट व्हावं म्हणून सिलिकॉनमध्येच सोय करून ठेवली!

आणि मग वाइन, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं. त्याचं नावच ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ याच्या आद्याक्षरांवरून पडलंय असं सांगतात, आणि ते अक्षरशः खरं आहे. तिथे प्रोसेसर तोच, इंटेलचा. आज्ञा जशाच्या तशा कळतात. वेगळी असते ती कचेरी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोजचा प्रोग्रॅम म्हणतो, मला एक खिडकी उघडून द्या, ही फाइल द्या, ही अक्षरं छापा. लिनक्सच्या कचेरीत या अर्जांचे नमुनेच नाहीत. वाइनने ते सगळे नमुने नव्याने लिहिले, मूळ विंडोजचा कोड न बघता, फक्त बाहेरून वागणं पाहून. काम १९९३ साली सुरू झालं, १.० आवृत्ती जून २००८ मध्ये आली. पंधरा वर्षं. वाचनालयाची सभासदांची एक यादी पुढच्या काळातल्या, विंडोज ३.१ वर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये होती. आजचं ६४-बिटी विंडोज तो घेत नाही. एका मैत्रिणीच्या लिनक्स यंत्रावर वाइनने तो उघडला आणि मी पाच मिनिटांत यादी छापून घेतली. आपल्याच घरात नाकारलेल्या प्रोग्रॅमाला शेजाऱ्याने पाट मांडला.

बाबांच्या प्रोग्रॅमासाठी मी घेतला डॉसबॉक्स. तो २००२ पासून आहे, आणि तो प्रोसेसरपासून पडद्यापर्यंत अख्खं जुनं पीसी उभं करतो. माझ्याकडे उतरवलेली प्रत इंटेलच्या मॅकसाठी बांधलेली होती, म्हणून ती रोझेटाखाली चालली. एका रात्री मी मोजायला बसले. बाबांनी लिहिलेली ओळ फॉक्सप्रोने एका सांकेतिक भाषेत आटवून ठेवलेली. फॉक्सप्रो ती वाचून ३८६ च्या आज्ञांत बोलतो. डॉसबॉक्स त्या आज्ञा ऐकून आजच्या इंटेलच्या आज्ञांत काम करतो. रोझेटाने त्या आज्ञा आधीच एआरएममध्ये लिहून ठेवलेल्या. म्हणजे सदाशिव कुणीतरी एक कादंबरी आठ दिवस उशिरा परत केली, हे वाक्य तीन दुभाष्यांच्या तोंडून माझ्या चिपपर्यंत पोचत होतं. आणि दंड बरोबर येत होता. रोज १० पैसे, ८० पैसे.

ही ओढ आजची नाही. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० हे नवं घराणं जाहीर केलं तेव्हा गिऱ्हाइकांकडे १४०१ या जुन्या यंत्राचे ढीगभर प्रोग्रॅम होते. ते टाकून द्या असं सांगून नवं यंत्र खपलं नसतं. म्हणून नव्या यंत्राच्या पोटात जुन्याचं सोंग घालून दिलं, आणि ‘एम्युलेटर’ हा शब्द या अर्थाने तिथेच रुजला. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने कागदावर दाखवून ठेवलं होतं की असं एक यंत्र असू शकतं, ज्याला दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं वर्णन दिलं की ते त्याच्यासारखं वागेल.

वर्णन दिलं की. या तीन शब्दांवर मी पुढे अडले.

त्याआधी एक सांगते. मंडळींना यादीच हवी होती, आणि यादी काढायला प्रोग्रॅम चालवायची गरजच नव्हती. फॉक्सप्रो नोंदी ज्यात ठेवतो ती डीबीएफ फाइल फार सरळ असते. वर मथळा, त्यात रकान्यांची नावं आणि रुंदी, खाली एकामागोमाग एक नोंदी. कुठल्याही यंत्रावर दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहून ती वाचता येते. मी ते केलंही. तिथे मला आणखी एक गोष्ट सापडली. डीबीएफमध्ये प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक जागा राखलेली असते. नोंद जिवंत असेल तर ती रिकामी, काढून टाकली असेल तर तिथे तारा. ‘पॅक’ नावाची आज्ञा देईपर्यंत तारा लावलेली नोंद फाइलीतच राहते, फक्त दिसत नाही. बाबांनी वाचकांच्या फायलीवर पॅक कधी चालवलं नव्हतं. त्यामुळे वाचनालय सोडून गेलेले, बदली होऊन गेलेले, वारलेले, सगळे तिथे होते. तारा लावून, आपापल्या जागी. माझी आजी होती. वाचक क्रमांक ४१. अनामत २० रुपये, परत दिल्याची तारीख कोरी.

मग प्रोग्रॅम कशाला चालवायचा? मी स्वतःला हे विचारलं. उत्तर मिळालं दंडाच्या पडद्यावर. दोन आकडी सालामुळे प्रोग्रॅमला आजची तारीख १९२१ ची वाटत होती, म्हणून मी डॉसबॉक्समधलं कॅलेंडर मागे नेलं आणि १९९७ चा मार्च लावला. एका विद्यार्थी सभासदाचं उशिरा आलेलं पुस्तक परत घेतलं. दंड शून्य. पुन्हा केलं. शून्य. जानेवारी लावला, तर दंड आला. मार्च आणि एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांना दंडच नव्हता. परीक्षा असते. हे कुठल्याही फायलीत लिहिलेलं नव्हतं, वाचनालयाच्या घटनेत नव्हतं, आणि बाबांनाही आठवत नव्हतं. असे निर्णय कोडमध्ये राहतात आणि ते चालवल्याशिवाय दिसत नाहीत. आकडे फायलीतून काढून घेता येतात. माणसाने त्या आकड्यांशी कसं वागायचं ठरवलं होतं, हे पाहायला त्याचं यंत्र पुन्हा उभंच करावं लागतं. जुन्या कचेऱ्यांचा, पतपेढ्यांचा, वाचनालयांचा डेटा ‘एक्सेलमध्ये काढून घेतला’ असं कुणी समाधानाने सांगतं तेव्हा मला आता धस्स होतं.

तर ते वर्णन. डॉसबॉक्स ३८६ उभा करतो, कारण इंटेलने त्याची पुस्तकं छापली आहेत. व्हीजीए पडदा उभा करतो. साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड तर इतकं बारकाईने उभं करतो की जुन्या खेळातलं संगीत जसंच्या तसं वाजतं. जगभर लाखो मुलं त्या खेळांवर वाढली, मोठी झाली, आणि त्यांच्यातल्या काहींनी आपल्या बालपणाचं यंत्र तुकड्या-तुकड्याने लिहून काढलं. वाचनालयाच्या ३८६ मध्ये मात्र आणखी एक कार्ड होतं. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड त्या काळी प्रसिद्ध होतं, तसलंच, मराठी दाखवणारं. प्रोग्रॅमाने पडद्याकडे पाठवलेले आकडे ते मधेच उचलायचं आणि त्यांची देवनागरी अक्षरं काढायचं, काना-मात्रा-वेलांटीसकट. प्रोग्रॅमाला त्याचा पत्ताही नसायचा. माझ्या डॉसबॉक्सला ते कार्ड माहीत नव्हतं. वर्णन नाही, म्हणून सोंग नाही, म्हणून मराठी नाही.

अक्षरं फायलीत होती ती ‘इस्की’ या भारतीय प्रमाणानुसार. आयएस १३१९४, साल १९९१. त्यात इंग्रजी अक्षरं आपल्या जागी ठेवून वरच्या १२८ जागांत भारतीय अक्षरं बसवली आहेत, वर्णमालेच्या क्रमाने. क हा १७९. ख १८०. पण पीसीच्या मूळ अक्षरसंचात त्याच वरच्या जागांपैकी १७६ ते २२३ या चौकटी आखायच्या तुकड्यांना दिलेल्या होत्या. तिथे १७९ म्हणजे उभी रेघ. द हा १९६, म्हणजे आडवी रेघ. काना २१८, म्हणजे चौकटीचा वरचा डावा कोपरा. पहिली वेलांटी २१९, भरीव ठोकळा. ही टक्कर टाळायला पीसीसाठी अक्षरं सरकवून केलेली आणखी एक मांडणी वापरात होती. बाबांच्या फायलीत मात्र सरळ इस्कीच होती. म्हणूनच त्यांच्या प्रोग्रॅमातल्या सगळ्या चौकटी अधिक आणि उण्याच्या चिन्हांनी आखलेल्या आहेत. लहानपणी मला त्या गबाळ्या वाटायच्या. शेजारच्या गावातल्या पतपेढीत दुहेरी रेघांच्या सुरेख चौकटी दिसायच्या, आमच्याकडे अशा का, म्हणून मी विचारलंही होतं. आता कळलं की त्यांनी रेघा अक्षरांना देऊन टाकल्या होत्या.

पुढचं काम सोपं निघालं, कारण युनिकोड या आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंचातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे. जवळजवळ प्रत्येक आकड्याला त्याचा जोडीदार तयार. मजकूर दोन्हीकडे उच्चाराच्या क्रमाने ठेवतात, म्हणजे ‘दि’ लिहिताना आधी द, मग वेलांटी, डोळ्यांना ती आधी दिसत असली तरी. कऱ्हाडातला र आणि ळ यांच्यापाशी जरा थांबावं लागलं. ळ इस्कीत ल च्या मागोमाग येतो, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. बाबांनी नावांची अनुक्रमणिका लावताना त्यासाठी एक वेगळा रकाना ठेवला होता आणि त्यात ळ ला ह च्या पुढचा आकडा दिला होता. वाचनालयात नाव शोधायला येणारा माणूस शाळेत शिकलेल्या क्रमानेच शोधणार, हे त्यांनी धरलं होतं.

मी एक छोटी खिडकी लिहिली. डॉसच्या पडद्यावर ८० रकाने, २५ ओळी. प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा, एक रंगाचा. एकूण ४००० बाइट. डॉसबॉक्सच्या स्मृतीतून ते उचलायचे, फिरवायचे आणि शेजारी देवनागरीत दाखवायचे. पहिल्यांदा पुस्तकांची नावं आली तेव्हा मी फक्त वाचत बसले, पान खाली, पान खाली, रात्रीचे दोन वाजेपर्यंत. देणगीदाराचा रकाना होता. कुणी आईच्या वर्षश्राद्धाला पाच पुस्तकं दिलेली, कुणी मुलगी दहावी झाली म्हणून एक. एकूण सहा हजारांच्या वर नोंदी. मंडळींची यादी झाली.

एक गोष्ट मात्र परत आणता आली नाही. त्या कार्डाची अक्षरं दिसायची कशी, जोडाक्षरं किती रुंद, उकार खालच्या ओळीला टेकायचा का, हे मला दाखवता येत नाही. माझ्या खिडकीत आजचा फाँट आहे, गुळगुळीत. ज्या अक्षरांसमोर बाबा सहा वर्षं बसले ती अक्षरं कुणी लिहून ठेवली नाहीत. ज्यांच्याकडे असं कार्ड अजून माळ्यावर पडलं असेल त्यांनी ते भंगारात देऊ नये, एवढं मी कळकळीने सांगेन.

आणि दुभाष्यांनाही आयुष्य असतं. पॉवरपीसी या मॅकच्या आधीच्या चिपचे प्रोग्रॅम इंटेलवर चालवणारी ॲपलची पहिली रोझेटा २००६ मध्ये आली, २०११ मध्ये काढून घेतली गेली. आताच्या रोझेटाबद्दल कंपनीने २०२५ मध्ये सांगून टाकलं आहे की मॅकओएस २७ नंतर ती काही जुन्या खेळांपुरतीच उरेल. म्हणून मी पुढे डॉसबॉक्सचा मूळ कोड घेऊन थेट एआरएमसाठी बांधला. एक दुभाषा कमी झाला. ज्याचा कोड उघडा आहे तो कुठल्याही नव्या चिपसाठी पुन्हा बांधता येतो. वाचनालयाने विसंबायचं तर अशावरच, असं माझं ठाम मत झालं आहे.

राहिला वेग. नव्याने बांधलेला डॉसबॉक्स जोरात पळायला लागला, आणि जुन्या प्रोग्रॅमांना फार वेगही सोसत नाही. टर्बो पास्कलमधले पुष्कळ प्रोग्रॅम सुरू होताना यंत्राचा वेग मोजायचे. यंत्रं २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचली तसं ते उत्तर ठरलेल्या जागेत मावेना, आणि प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ म्हणून बंद पडायचे. बाबांचा बंद पडत नव्हता. पण बाहेर पडताना पडद्यावर काहीतरी चमकून जायचं. इतक्या पटकन की माझी खिडकी ते उचलूही शकत नव्हती.

मी फोन केला.

“बाबा, प्रोग्रॅम बंद करताना तुम्ही काही दाखवत होता का?”

“वेग कितीवर ठेवलायस?”

“आहे तेवढा सगळा.”

“अगं, ३८६ आहे तो. दमानं घे. मी तिथं पाच हजारांपर्यंत मोजायला लावलं होतं त्याला. तेवढा वेळ माणसानं वाचावं म्हणून.”

मी डॉसबॉक्सचा वेग कमी केला. आणखी कमी. मेन्यू आता वरून खाली उतरताना दिसायला लागला, जसा तेव्हा दिसायचा. ‘बाहेर’ वर कर्सर नेऊन एंटर दाबलं. पडदा कोरा झाला आणि मधोमध तीन छोटे तुकडे आले, रेघा-कोपऱ्यांचे, आणि थांबले. खिडकीकडे बघायची गरज लागली नाही, इतक्या दिवसांत डोळ्यांना सवय झाली होती. पहिल्यात शेवटी कोपरा, म्हणजे काना. दुसऱ्यात आडवी रेघ, ठोकळा, मग एक वळण, मग कोपरा. दिवा. तिसऱ्यात ठोकळा दुसऱ्या जागी होता, आणि शेवटून दुसरी उभी रेघ. क.

“पंखा, दिवा, खिडकी,” मी वाचलं.

बाबा पलीकडे जरा वेळ बोलले नाहीत.

“पंखा आणि दिवा आधीपासून होता,” ते म्हणाले. “खिडकी मागनं घातली. एका पावसाळ्यात मागची खिडकी उघडी राहिली रात्रभर. चरित्रांचं कपाट भिजलं. मीच होतो शेवटी निघालेला.”

“मला माहीत नव्हतं.”

“कुणाला सांगितलंच नाही.” मग म्हणाले, “परत एकदा बंद कर बघू. मला दिसेल असा फोन धर.”

मी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, मेन्यू उतरेपर्यंत थांबले, आणि फोन पडद्यासमोर धरून ‘बाहेर’ वर आले.